जिजाबाईच्या बरडातला निघोबा

“निघाला! निघाला! आज आणखी एक बोट निघाला!”

टेंभरडोह गावात लहानथोर मिळून चारशे माणसं. त्यातली साडेतीनशे वैशाखाच्या भर दुपारी जिजाबाईच्या वावरात उभी होती आणि उरलेली पन्नास डोहावर पाणी आणायला गेली होती. कोणी डोक्यावर पदर घेतलेला, कोणी पोतं, कोणी चक्क पळसाची डहाळी. ऊन असं की वावरातली तांबडी माती अनवाणी पायाला चटके देत होती, पण लोक पाय बदलत बदलत टाळ्या वाजवत होते.

जिजाबाई आणि तिचा नवरा कवडू सिंदी गावचं एक लग्न उरकून पाच दिवसांनी गावाकडे येत होते. आपल्या वावरातली एवढी गर्दी जिजाबाईला लांबूनच दिसली. डोक्यावरचं गाठोडं तिनं कवडूच्या हातात कोंबलं आणि ती धावत सुटली.

“माय व! कोन मेलं माह्या वावरात?”

“मेलं नाई व बाई, निघालं!” शेजारची सुलोचना आनंदानं ओरडली. “देव निघाला तुह्या बरडात!”

गर्दीत वाट काढत जिजाबाई पुढे गेली. वावराच्या मधोमध जमिनीतून शेंदूर फासलेल्या एका दगडाचं डोकं वर आलेलं होतं. त्याच्याशेजारी व्याघ्रचर्मावर, म्हणजे काळे पट्टे रंगवलेल्या पिवळ्या चादरीवर, एक बुवा बसला होता. दाढी छातीपर्यंत, पोट दाढीच्या पुढे. हातात देवाची बोटं मोजायला कुंकवाच्या खुणा केलेली एक काडी. नाव भूगर्भानंद महाराज. महिन्याभरापूर्वी तो गावात आला तेव्हा नुसता बुवा होता आणि याच वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली, बैलबंडी सोडून झोपायचा. जिजाबाईनंच त्याला दोनदा भाकर दिली होती.

“बालकांनो!” महाराज गरजले. “पाताळाला मजले सात! सातव्या मजल्यावर निघोबा देव झोपले होते. कलियुगाचा गलका ऐकून उठले आणि निघाले. रोज एक बोट! घाई करू नका. सात मजले चढायचे म्हणजे देवालासुद्धा दम लागतो!”

“होय ना, बाप्पा! म्हातारा देव असन,” एक आजी कळवळून म्हणाली.

“आणा, स्नान घाला! अकरा घागरी! देव तापले आहेत!”

विहिरींनी तळ गाठलेला तो महिना. घरात प्यायला पाणी जपून वापरावं लागत होतं आणि इकडे बाया मैलभरावरून घागरी आणून दगडावर रिकाम्या करत होत्या. महाराजांचं व्रतही कडक होतं. देव पूर्ण निघेपर्यंत ते जेवणार नव्हते, फक्त रोडग्यांवर राहणार होते. गोवऱ्यांच्या आरावर खरपूस भाजलेले कणकेचे दहा-बारा रोडगे, वर तुपाची धार आणि सोबत वांग्याची भाजी, एवढ्यावर त्या तपस्व्याचा दिवस निघत होता.

गावातले वजनदार गृहस्थ अण्णाजी पुढे आले. मनानं वाईट माणूस नव्हता. फक्त कोणी मोठ्या आवाजात काही सांगितलं की त्याला ते खरं वाटायचं.

“जिजाबाई, बरं झालं आलीस. गावानं ठरवलं. मृगाच्या आत इथं ओटा बांधाचा. वावर आता देवाचं.”

“अन् आमी काय पेराचं? ओट्यावर जवारी पेरू का?”

“तुमाले नाल्यापल्याडचा तुकडा देऊ.”

“तिथं नुसते गोटे हायेत, अण्णाजी!”

“गोट्यायतही एखांदा देव निघन,” अण्णाजी श्रद्धेनं म्हणाले.

जिजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हे तीन एकर काही वाडवडलांचं नव्हतं. दोघांनी बारा वर्षं जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहून ते घेतलं होतं. त्यांना काळीचं, म्हणजे काळ्या मातीचं वावर विकायला गावात कोणी तयार झालं नाही, म्हणून बरड घेतलं. बरड म्हणजे वर वीतभर तांबडी माती, खाली मुरूम, मुरमाखाली खडक. तिथला एकेक धोंडा जिजाबाईनं हातानं वेचला होता. ते वावर गेलं, तर पुन्हा बोजे आणि पुन्हा दुसऱ्याचं दार.

“आमी तं मागच्या दसऱ्याले बुद्धाची दीक्षा घेतली,” ती म्हणाली. “तुमच्या देवाशी आमचं काई काम नाई. मंग हा मेला आमच्याच वावरात काऊन निघाला?”

“तुम्हाला सुधारायला!” महाराज चपळाईनं म्हणाले.

“आमी सुधारलो म्हनूनच तं दीक्षा घेतली!”

गर्दीत थोडं हसू पिकलं. कवडूनं मात्र घाबरून बायकोचा पदर ओढला. “जिजे, थो सच्चीमुच्ची वर येऊन राह्यला व. मी आताच पाह्यला. हलला.”

“तू गप राह्य. उन्हात तुले बंडीही हललेली दिसते.”

गावात शहाणा म्हणावा असा एकच माणूस होता, शाळेचे वासुदेवराव मास्तर. त्यांना हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी ते छत्री मिटून, बाह्या सरसावून वावरात हजर झाले. मास्तरांकडे ज्ञान भरपूर होतं, धीर मात्र छटाकभर.

“हरभरे!” गर्दीत शिरता शिरताच ते ओरडले. “जुनी हातचलाखी आहे ही! खड्ड्यात हरभरे भरायचे, वर मूर्ती ठेवायची आणि पाणी घालायचं. हरभरे फुगतात, मूर्ती वर येते! खणा! आत्ताच्या आत्ता खणा! हरभरे निघाले नाहीत, तर मी मिशी उतरवीन!”

लोक दचकले. अण्णाजींनी महाराजांकडे पाहिलं. महाराज गालात हसले आणि म्हणाले, “खणू द्या. देवाला गुदगुल्या होतील एवढंच.”

मास्तरांनी स्वतः कुदळ घेतली. निघोबाच्या कडेनं हातभर खणलं, मग दीड हात. चिकट काळे गोळे निघाले, आणखी काळे गोळे निघाले, एक पोकळ बांबू निघाला. हरभरा एक निघाला नाही. मास्तर घामाघूम झाले. चिखलाचा एकेक गोळा फोडून, चष्म्याजवळ नेऊन त्यांनी पाहिला.

“आणि हा बांबू कसला?” शेवटी त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“ते देवाचं नाक,” महाराज म्हणाले. मग त्यांनी झोळीत हात घालून मूठभर फुटाणे काढले आणि मास्तरांच्या ओंजळीत ठेवले. “घ्या मास्तर. तुम्हाला हरभरेच पाहिजे होते ना?”

वावर हसून हसून लोटपोट झालं. अण्णाजींना तर उचकी लागली. संध्याकाळपर्यंत मास्तरांची मिशी उतरली, कारण माणूस शब्दाचा पक्का होता. मिशी नसलेले मास्तर इतके केविलवाणे दिसू लागले की त्यांच्या बायकोनं त्यांना दारातच विचारलं, “कोन पाह्यजे जी?”

पण लोक हसत होते तेव्हा जिजाबाई हसत नव्हती. ती खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून तो काळा गोळा बोटांनी चुरत होती. बोटांना तो डिंकासारखा चिकटत होता. सगळं गाव हरभरे शोधत होतं, म्हणून माती कोणी पाहिलीच नव्हती. ती पाहिली एकट्या जिजाबाईनं. तिनं गोळा पदरात बांधला आणि तडक मास्तरांचं घर गाठलं.

“मास्तरजी, रडनं झालं असन तं एक सांगा. माह्या वावरात हातभर खाली काय हाय?”

“मुरूम,” मास्तर ओठावरून हात फिरवत म्हणाले.

“मंग तुमी दीड हातावरून ही काळी कशी काढली?”

मास्तरांनी गोळा हातात घेतला. पाहिला. मग स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की तो काळा गोळा तिथंच चिकटून बसला.

“अरे देवा! म्हणजे, अरे... अहो जिजाबाई! काळी माती! मुलांना मी दरवर्षी शिकवतो! आपल्याकडचा काळा खडक हजारो वर्षं झिजून ही माती झाली. अतिशय बारीक, पिठाहून बारीक. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात काळीच्या वावराला भेगा पडतात, पाय जाईल एवढ्या!”

“थे आमाले शिकवू नका. काळीत खुंटा गाडला तं पावसाळ्यात उचलते, हे माहीत हाय. म्हनून तं घराच्या भितीले आपन गावठानातली पांढरी माती घेतो, काळी कोनी घेत नाई.”

“बरोबर! महाराजानं मुरमात खड्डा खणला, त्यात कोरडी काळी ठासली. चारी बाजूंनी घट्ट मुरूम. मधला बांबू पाणी खाली पोचवायला. फुगलेल्या मातीला बाजूला सरकायला जागा नाही, मग ती जाणार कुठं? वर! तुम्ही लग्नाला गेलात आणि त्यानं डाव साधला. थांबा, मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो!”

“बसा खाली,” जिजाबाई म्हणाली. “एक डाव सांगतलं तं मिशी गेली. आता काय भिवया देता का? तुमी बोलू नका अन् मीही बोलत नाई. लोकायले डोळे हायेत, थेच वापरू द्या.”

तिनं घरी येऊन अंगणात दोन खड्डे खणले. एका खड्ड्यात कोरडी काळी कुटून, धुम्मसानं ठोकून ठोकून भरली. दुसऱ्यात आपल्या बरडातला मुरूम तसाच ठोकून भरला. काळीवर तिनं आपला वरवंटा उभा केला आणि मुरमावर सुलोचनाकडून मागून आणलेला. घरातलं वापरलेलं पाणी, भांडी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, ते रोज दोघांना सारखं वाटून घालू लागली. कवडू ओसरीत बसून ते पाहायचा आणि चिलीम ओढता ओढता मान हलवायचा. बायकोला ऊन लागलं, अशी त्याची खात्री झाली होती.

तिसऱ्या दिवशी त्याची चिलीम हातातून पडली.

“जिजे! वरवंटा उठला व!”

“किती?”

“बोटभर!”

“हळू बोल,” जिजाबाई म्हणाली. पण कवडूला हळू बोलता येत नव्हतं, हे तिला लग्नापासून माहीत होतं आणि त्याचाच तिला आधार होता. घटकाभरात अंगणात सुलोचना आली, दुपारी तिच्या मागे वीस बाया आल्या, दुसऱ्या दिवशी अण्णाजी नारळ घेऊन उभे राहिले.

“जिजाबाई, इथंही निघाला म्हनते?”

“मी काई म्हनत नाई, अण्णाजी. वरवंटा हाय. वर येऊन राह्यला. एवढं खरं हाय.”

“अन् थो दुसरा?”

“थो जाग्यावरच हाय.”

सुलोचनाचा चेहरा पडला. “माहाच मेला आळशी निघाला,” ती पुटपुटली. दहा वर्षं चटणी वाटून दिली, पण आज त्यानं चारचौघांत नाक कापलं, असं तिला वाटलं.

इकडे वावरातला निघोबा मात्र जागचा हलेना. त्याच्या खालची काळी पाणी पिऊन तुडुंब झाली होती. आणखी फुगायला तिच्यात काही उरलं नव्हतं. महाराजांनी काडी आडवी लावली, तिरपी लावली, मंत्र मोठ्यानं म्हटले. देव रुसलाय, मास्तरानं नाकाला हात लावला म्हणून रुसलाय, असं सांगून पाहिलं. पण लोकांना कसंही करून रोज एक बोट हवं होतं आणि ते आता जिजाबाईच्या अंगणात मिळत होतं. गर्दी तिकडे वळली. गर्दीमागून घागरी वळल्या. आणि महाराजांसाठी सगळ्यात वाईट म्हणजे, घागरींमागून रोडगेही वळले.

बाया रोडग्यांची ताटं घेऊन वरवंट्यापुढे बसू लागल्या.

“वरवंटा खात नाई,” जिजाबाई सांगायची. “घागरी अन् रोडगे घरी न्या, लेकरायले द्या.”

“मंग काय खाते?”

“चटनी वाटते. खात काई नाई.”

“केवढं वैराग्य!” अण्णाजी हात जोडून म्हणाले.

दोन दिवस महाराजांच्या पोटात रोडगा नव्हता. तिसऱ्या दिवशी, अंगणात सगळं गाव जमलेलं असताना, ते हातात काडी घेऊन तरातरा आले. दाढी विस्कटलेली, डोळे लाल. त्यांनी पाहिलं तर समोर अण्णाजी वरवंट्याला शेंदूर लावत होते.

“मूर्खांनो!” महाराज कडाडले. “हा देव नाही! वरवंटा आहे वरवंटा!”

“पन वर येऊन राह्यला ना, महाराज!”

“येणारच!”

“चार बोटं आला!”

“पाच येईल! त्यात काय? खाली काळी माती ठासलीय बाईनं! कोरडी काळी कुटून ठासली आणि वरून पाणी पाजलं की फुगते! बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून वर ढकलते! तो बाजूचा पाहा, तो मुरमावर आहे म्हणून हलत नाही! याला चमत्कार म्हणता? कोणीही गाढव करू शकतं हे!”

अण्णाजींचं शेंदराचं बोट हवेतच राहिलं.

“कोनीही?” जिजाबाईनं विचारलं.

“कोणीही!” महाराज अजून भुकेच्या तावात होते.

“मंग महाराज, माह्या बरडात निघोबाच्या खाली काळी कोनं ठासली?”

महाराज काडी पाठीमागे लपवत एक पाऊल मागे सरकले. दाढीत एक माशी शिरली तरी त्यांना कळलं नाही. मागून वासुदेवराव मास्तर पुढे आले आणि त्यांना अगदी नम्रपणे म्हणाले, “महाराज, धडा फार छान समजावलात. मला वीस वर्षांत इतका चांगला जमला नाही. फुटाणे देऊ का?”

मग जे हसू फुटलं ते वावरापर्यंत गेलं, कारण सगळं गाव हसत हसतच तिकडे धावलं. दहा माणसांनी निघोबा उपटला. खाली मुरमात कंबरभर खोल, सरळ कापलेला खड्डा आणि तो गच्च काळीनं भरलेला. एकानं घागरभर पाणी घालून निघोबाचा शेंदूर धुतला. आत अक्षरं होती. मास्तरांनी चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं, “आर्वी सात मैल.”

“हा तं सडकेवरचा दगड हाय!” कवडू ओरडला. “मी म्हनो, या वर्षी आर्वी दूर काऊन वाटते!”

महाराज तोवर बाभळीखालच्या बंडीला बैल जुंपून निघालेही होते. कोणीतरी मागे धावू लागलं, पण जिजाबाई म्हणाली, “जाऊ द्या. बैल उपाशी नाई ना, पाहा फक्त.”

मास्तर खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. आता त्यांना मिशी नव्हती, पण आवाज होता.

“मंडळी, मी पण चुकलो. मी खाली पाहण्याआधीच उत्तर ठरवलं होतं आणि तुम्ही पाहिलंच नाही. आपल्यापैकी कोणाला माहीत नव्हतं, काळी फुगते म्हणून? सगळ्यांना माहीत होतं. जन्म गेला आपला काळीत. पण वर शेंदूर दिसला आणि जे माहीत होतं तेही आपण विसरलो. ऐन वैशाखात लेकराबाळांच्या तोंडचं पाणी मैलाच्या दगडाला पाजलं. आणि एका बाईचं वावर घ्यायला निघालो होतो.”

लोक एकेक करून खाली माना घालून निघाले. अण्णाजी मात्र घुटमळले. दोनदा धुऱ्यापर्यंत गेले आणि दोनदा परत आले.

“वावर तुमचंच हाय, जिजाबाई,” ते म्हणाले. “ओट्याचं बोलनं मी मागं घेतो. चुकलं माहं. पन एक विचारू का? हसजो नको.”

“विचारा.”

“माह्या घराची मागची भीत दर पावसाळ्यात पोट काढते. मी तिले दर आषाढात एक नारळ अन् एक कोंबडी देतो.”

“किती वर्सं झाली?”

“बावीस.”

“पोट कमी झालं का?”

अण्णाजींनी इकडे तिकडे पाहिलं. “वाढलं ना बाप्पा.”

“भितीची माती कोनती?”

“पांढरीच हाय. पन पाया... पाया काळीवरच हाय.”

हसू आवरायला जिजाबाईला पदर तोंडाशी धरावा लागला. “अण्णाजी, कोंबडी तुमी खा. नारळाची चटनी करा. अन् पायाखालची काळी काढून तिथं मुरूम भरा. माह्या वावरात पायजे तेवढा हाय, बंड्या भरून न्या. अन् यापुढं काई निघालं, काई फुगलं, काई हललं, तं हात जोडाच्या आधी एक डाव खाली हात घालून पाहजा. बस.”

अण्णाजींनी धोतर खोचलं, खड्ड्याच्या काठावरचं फावडं उचललं आणि गुडघाभर चिकट काळीत उतरून ती स्वतः उपसू लागले. मृग चार दिवसांवर आला होता आणि जिजाबाईला पेरायचं होतं.